भागाबाईच्या डोक्याचा फोटो

राधिकाला आपला चेहरा धड आठवायचा नाही, पण आपला मेंदू ती डोळे मिटून काढून दाखवू शकली असती. हे ऐकून लोक हसायचे. तिच्या धंद्यात मात्र यात नवल काही नव्हतं. एमआरआयची यंत्रं बनवणाऱ्यांची रीतच अशी, की यंत्रात नवं काही बसवलं की पहिल्यांदा आत झोपायचं ते बसवणाऱ्यानेच. परक्या माणसाला झोपवायचं तर दहा ठिकाणच्या परवानग्या. आपलं डोकं आपल्याच धडावर, कधीही हजर. पुण्याच्या संशोधन संस्थेत राधिका वर्षानुवर्षं अशी झोपत आली होती. तिच्या मेंदूच्या मागच्या अंगाला, उजवीकडे, एक घडी मेंढ्याच्या शिंगासारखी वळून परत आत शिरली होती. तशी घडी तिने दुसऱ्या कुणाच्या फोटोत पाहिली नव्हती, आणि तिचा तिला थोडा तोराही होता.

ती हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या ज्ञानबाची पोरगी. हिंगोलीच्या कॉलेजात फिजिक्स, मग नांदेड, मग पुणे, अशी एकेक पायरी चढत ती मेडिकल फिजिसिस्ट झाली. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर ज्या यंत्राकडे बघून बोलतात, ते यंत्र घडवणारी. गावात हे समजावून सांगता सांगता ज्ञानबा थकला आणि शेवटी "मोठी कंपाउंडर हाय" असं सांगून मोकळा झाला.

राधिकाला एकच खूळ होतं. मोठं एमआरआय शहरात बसतं. त्याला खास गॅस लागतो, खास खोली लागते, आणि ते एकदा बसलं की हलत नाही. हलायचं ते आजारी माणसाने. आणि खेड्यातलं माणूस हलत नाही. डोकं दुखलं तर फडकं बांधतं आणि कामाला लागतं. म्हणून तिने साध्या चुंबकांच्या विटा रचून असं यंत्र करायला घेतलं, की जे घरातल्या प्लगवर चालेल आणि टेम्पोत मावेल. संस्थेतले मोठे लोक त्याला 'राधिकाची भातुकली' म्हणायचे. तिने मनावर घेतलं नाही. स्थळं आली आणि गेली, बरोबरीच्या पोरी आया झाल्या, आणि ही विटा रचत राहिली.

हरीश तिला संस्थेच्या कॅन्टीनमध्ये भेटला. मागे रांगेत कुणीतरी फोनवर "काहून बरं?" म्हणालं आणि राधिकाने गर्रकन वळून पाहिलं. पुण्यात 'काहून' म्हणणारा माणूस म्हणजे घरचाच. तिकडच्याच हट्टा गावच्या हळदवाल्या तातेरावांचा धाकटा मुलगा निघाला. पुढच्या राखी पौर्णिमेला तिने त्याला राखी बांधली, आणि त्यानंतर दर वर्षी. तिला सख्खा भाऊ नव्हता. हा तिला "ताई" म्हणायचा, तिच्या घरी गेला की तिच्या आईला, भागाबाईला, "मावशी" म्हणून थेट चुलीजवळ जाऊन बसायचा. भागाबाई त्याचं ताट आधी वाढायची आणि लेकीचं मागून.

यंत्र राधिकाचं, पण चित्र हरीशचं. लहान चुंबकाचं चित्र गढूळ येतं, न गाळलेल्या पाण्यासारखं. ते साफ करणारं सॉफ्टवेअर हरीशने लिहिलं. त्याला निरोगी डोक्यांची चित्रं दाखवून दाखवून शिकवायचं, म्हणजे गढूळ चित्रात जे दिसत नाही ते सॉफ्टवेअर आपल्या अनुभवाने भरून काढतं. आता एवढी निरोगी डोकी आणायची कुठून? मोजकीच माणसं मिळाली. बाकी सगळं राधिकाचंच डोकं, वेगवेगळ्या वर्षांचं, वेगवेगळ्या कोनांतलं. दोघांना त्याची गंमत वाटायची. "ताई, हे सॉफ्टवेअर तुझंच लेकरू हाय," हरीश म्हणायचा.

मग तो दिवस आला. यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे साहेब चाचणी बघायला पुसेगावला आले. गाव राधिकानेच निवडलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यापाशी टेम्पो उभा राहिला, मंडप पडला, चहा झाला. माणसं जमली भरपूर, पण आत जाईना कोणी. म्हातारा कोंडीबा सगळ्यांना सांगत सुटला होता, की ह्या डब्यात गेलं की डोक्यातले इचार बी दिसतेत.

मेंढरं पाण्याला बुजतात. कळप पैलतीराला न्यायचा असला की मेंढपाळ एक हातावर वाढलेली मेंढी आधी पाण्यात घालतो. ती उतरली की बाकीची मागून आपोआप येतात. राधिकाने बापाला हे लहानपणापासून करताना पाहिलं होतं. तिने गर्दीत आईकडे पाहिलं, आणि भागाबाई उठली.

"तुझं डोकं मोकळंच दिसल कोंडीबा, म्हणून भिऊन राहिला तू," ती म्हणाली. लोक हसले. टेम्पोच्या पायरीवर ती लेकीच्या कानाशी लागली, "बघ तर बाई नीट. मागून लई ठणकून राहिलं, उन्हाळ्यापासून."

ती आत झोपली. राधिका बाहेर साहेबांना चुंबकाबद्दल सांगत होती. हरीश टेम्पोत पडद्यासमोर होता, आणि त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. पत्रा तापलाय, राधिकाच्या मनात आलं. मग त्याने मोठ्या पडद्यावर चित्र लावलं आणि साहेब खुर्चीवरून उठून पुढे आले. इतकं स्वच्छ, इतकं रेखीव चित्र त्या यंत्राने कधी दिलं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरने पाहिलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. राधिकाने पाहिलं, आणि तिला मागच्या अंगाला उजवीकडे ती शिंगासारखी घडी दिसली. तिचे डोळे भरून आले. चेहऱ्याने ती बापावर गेली होती; आज कळलं, आतून ती आईवर गेली होती.

"माय, तुझं अन् माझं डोकं सारखंच हाय," ती म्हणाली. "काही न्हाई त्याच्यात. उन्हाचं दुखत आसंल."

भागाबाई सुखरूप बाहेर आली तसं गाव रांगेला लागलं. त्या दिवशी आणि पुढच्या महिन्यांत पुसेगावचीच काय, आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसंही त्या टेम्पोत झोपून गेली. चित्रं साहेबांना आवडली, म्हणून सॉफ्टवेअरची पट्टी, म्हणजे चित्र किती साफ करायचं ते ठरवणारी खूण, त्या दिवशी होती तिथेच कायम झाली. भागाबाईच्या डोक्याचा फोटो कंपनीच्या पत्रकावर छापून आला. आणि चाचणीच्या त्या दुपारी हरीशने मावशीच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, वर दोनदा ताक मागून प्यायला. हे राधिकाला पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

भागाबाईचं डोकं दुखायचं थांबलं नाही. सांगायचं मात्र तिने थांबवलं. एकदोनदा फोनवर ती बोलली, तर राधिका म्हणाली, "माय, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं ना तुझ्या डोक्यात. काही न्हाई तिथं." आता यावर आई काय बोलणार? गावभर लेकीच्या यंत्राचं नाव झालेलं. आपणच दुखतंय म्हणावं तर यंत्र खोटं पडतं. ती फडकं बांधून कामाला लागली.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ज्ञानबाचा फोन आला. तो कधी फोन करत नसे. "तुझी माय डाव्या अंगाला धडकून राहिली," तो म्हणाला. "दाराला धडकती, बाजंला धडकती. डावीकडची मेंढरं पिकात जातेत अन् हिला पत्ता न्हाई. म्या इचारलं तर म्हणती, वय झालं."

राधिकाने आईला नांदेडला नेलं, मोठ्या यंत्रावर. चित्र पडद्यावर उमटायला लागलं तशी ती टेक्निशियनच्या खुर्चीमागे उभी होती. उजवीकडे मागच्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती. कॅन्सरची नव्हती, सावकाश वाढणारी होती. डॉक्टर म्हणाले, कित्येक वर्षं असणार. पण राधिका गाठीकडे पाहत नव्हती. ती घडी शोधत होती. गाठीभोवती शोधली, वर शोधली, खाली शोधली. ती शिंगासारखी घडी भागाबाईच्या डोक्यात कुठेच नव्हती. कधीच नव्हती.

तिला तिथेच सगळं कळलं. हरीशच्या सॉफ्टवेअरला गाठ म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्याला निरोगी डोकी तेवढी शिकवलेली, आणि त्यातही बहुतेक राधिकाचं. जिथे त्याला काही वेगळं दिसलं, तिथे त्याने ते घाण समजून पुसलं आणि जे पाठ होतं ते काढून ठेवलं. आईच्या गाठीवर लेकीच्या निरोगी मेंदूचं ठिगळ लावलं होतं. आणि त्या ठिगळाकडे बघून लेक आनंदाने रडली होती.

तिने बाहेर येऊन हरीशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअरनं दगा दिला. आपलं दोघांचं नशीब." मग हळू आवाजात, "आता बोभाटा करू नको. यंत्राच्या सरकारी मंजुरीचं काम शेवटच्या टप्प्यावर हाय. मी पट्टी दुरुस्त करतो. नवं मॉडेल आलं म्हणून गावाला परत झोपवू, कोणाला कळायचं न्हाई." राधिकाने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तो तिचा भाऊ होता. भावाचं चुकलं तर बहीण पदर पसरते. आणि सॉफ्टवेअरला शिकवलेलं डोकं तरी तिचंच होतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. डाव्या बाजूची नजर परत आली नाही. "दीड-दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर वाचली असती," सर्जन म्हणाले, अगदी सहज, कारण त्यांना काही ठाऊक नव्हतं. भागाबाईचे डोळे चांगले होते, पण समोरच्या जगाचा डावा अर्धा भाग तिच्यासाठी उरला नव्हता. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तिला दिसायची नाही आणि ती म्हणायची, चटणी न्हाई केली का आज.

चार दिवसांनी हरीश दवाखान्यात आला. सफरचंदं घेऊन आला, चपला बाहेर काढून आला आणि कॉटच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसला. बोलला नाही काही. भागाबाई उजवीकडे बसलेल्या लेकीकडे तोंड करून पडली होती. तिला तो दिसला नाही.

"हरीश आला न्हाई व्हय गं?" ती म्हणाली. "येईल. त्याला लई माया हाय माझी. तुला राग येईल, पण सांगते. तू कधी पुसलं न्हाई, त्यो पुसायचा. पोळ्याला फोन, दिवाळीला फोन. मावशी, डोळ्याला बराबर दिसतं ना? मावशी, डाव्या अंगाला धडकती का? डोकं दुखलं तं कोणी बी पुसतं बाई. डोळ्याचं त्यानंच पुसलं."

राधिकाने मान वर केली. कॉटच्या पलीकडे हरीश बसला होता. तो जमिनीकडे बघत होता.

डोकं दुखतं का, हे कोणीही विचारेल. पण डाव्या अंगाला धडकता का, हे तोच विचारेल ज्याने उजवीकडची मागची गाठ पाहिली आहे. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळतंय. कळत होतं ते माणसाला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर दर सणाला येऊन पीक कसं आहे म्हणून विचारपूस केली होती.

ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. हरीश मागून आला.

"तू बघितलं होतंस," ती म्हणाली.

"साफ करायच्या आधीच्या चित्रात पांढरा डाग व्हता. मला वाटलं, तुझ्या चुंबकाचा दोष. साहेब बाहेर उभे. तुझ्याच गावात तुझं नाक कापलं गेलं असतं ताई. म्हणून पट्टी पूर्ण वर नेली. डाग गेला."

"अन् साहेब गेल्यावर?"

तो कठड्याला टेकून खाली अंगणात बघू लागला.

"साहेब गेले, तू आमच्या घरी जेवलास. रातच्याला ते चित्र परत उघडलं असशील. तुला मी वळखत न्हाई का?"

"उघडलं व्हतं," तो म्हणाला. "मंग पत्रकावर फोटो छापला. मंग रोज वाटायचं, उद्या सांगू. पण मी लक्ष ठिवून व्हतो ताई. पुसत व्हतो ना मावशीला. मी काय दुश्मन हाय का?"

दुश्मन असता तर बरं झालं असतं, राधिकाला वाटलं. दुश्मनाच्या हातात तिने आईचं डोकं दिलं नसतं. केसाने गळा कापायचा तर केस घरचाच लागतो. "जा तू," ती म्हणाली. तो निघाला आणि दोन पावलांवर थांबून म्हणाला, "ताई, सांगितलंस तं यंत्र संपलं. तुझी सगळी जिंदगी हाय त्याच्यात." हे मात्र त्याने खरं सांगितलं.

राधिकाने संस्थेला कळवलं, की चाचणी थांबवा आणि सगळ्यांची मूळ चित्रं तपासा. संस्थेने कळवलं, की समिती नेमू. तोपर्यंत बाहेर वाच्यता नको. समिती बसेल, उठेल, परत बसेल. तोवर फडकं बांधून कामाला लागलेली आणखी किती माणसं डाव्या-उजव्या अंगाला धडकतील, याचा हिशोब कोण ठेवणार होतं? त्या माणसांना तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, की तुमच्या डोक्यात काही नाही. ते तिच्याच तोंडाने परत घ्यायला हवं होतं. यंत्र बुडालं तर बुडालं.

आईला घरी आणल्यावर ज्ञानबाकडून तिने गावाला निरोप दिला. सकाळीच समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. बायका एका बाजूला, त्यात डोक्याला पदर गुंडाळून भागाबाईही येऊन बसली, ऐकली नाही. राधिका उभी राहिली आणि तिने लपवाछपवी न करता सांगितलं. त्या टेम्पोत काढलेला एकही फोटो धरून चालू नका. ज्याला डोकेदुखी आहे, चक्कर आहे, फेफरं आहे, दिसायला कमी आहे, त्याने आज नाव सांगा. नांदेडला नेऊन मोठ्या यंत्रावर तपासायचं मी बघते.

"मंग आमच्या फोटोत दिसत व्हतं ते डोकं कोणाचं?" कोंडीबाने विचारलं.

"थोडं तुमचं, थोडं माझं."

कोणी हसलं नाही. कोंडीबाचा आवाज चढला. "आन् हे तुमच्यात आधी कोणाला बी कळलं न्हाई? एवढी शिकली-सवरली माणसं तुमी?"

राधिका उत्तर देणार तोच बायकांतून भागाबाई बोलली. "पोरीला काहून धारेवर धरून राहिला? तिची काय चूक? हरीशला बोलवा. त्यो सांगल बराबर. त्याच्याइतकी माझ्या डोळ्याची फिकीर कोणी केली न्हाई, ह्या पोटच्या पोरीनं बी न्हाई."

आईपुरतं तरी हे झाकून ठेवायचं, असं राधिकाने ठरवलं होतं. नजर गेली ती गेली, निदान मानलेला लेक तरी राहू द्यावा तिला. पण सगळं गाव तोंडाकडे बघत होतं, आणि खोटं चित्र काढून द्यायचं आजच तर तिने बंद केलं होतं. ती आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"माय, हरीशला ठाऊक व्हतं."

भागाबाईने तिच्याकडे पाहिलं. "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू टेम्पोतून खाली उतरायच्या आधीपासून."

भागाबाईने बोटांवर सण मोजले. मग ती म्हणाली, "म्हणजे पोळ्याला पुसलं, ते..."

"व्हय."

"अन् दिवाळीला."

"व्हय, माय."

भागाबाईने पदराने तोंड पुसलं. "दर बारीला म्या खोटंच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "बराबर दिसतंय म्हणलं. दूर देशी लेकरू, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून."